फ्रान्सिस नावाची आपली माणसं

नावांच्या कुठल्याही यादीत फ्रान्सिस शोधलं तर एका ओळीत काम उरकलेलं असतं. मूळ लॅटिन, फ्रान्सिस्कुस, अर्थ 'फ्रेंच' किंवा 'मोकळा, स्वतंत्र'. बास. मला हे उरकणं फार खटकतं, कारण मी वसईत लहानाची मोठी झाले आणि आमच्या कॅथॉलिक घरांमध्ये हे नाव इतकं घरचं आहे की वर्गात बाईंनी एकदा फ्रान्सिस अशी हाक मारली की दोन-तीन मुलं उभी राहायची, आणि त्यातल्या एकाचाही फ्रान्सशी काडीचा संबंध नसायचा. वडील केळीची वाडी करणारे नाहीतर पहाटेच्या लोकलनं भाजी आणि फुलं घेऊन दादरला जाणारे, आजी लाल लुगडं नेसणारी, घरात बोली कादोडी, शाळेत मराठी, देवळातली प्रार्थनासुद्धा मराठीत. अशा घरात 'फ्रेंच माणूस' असा अर्थ असलेलं नाव पिढ्यान् पिढ्या आजोबाकडून नातवाकडे जात राहतं, ते का आणि कसं, हे शोधायला बसलं की हाताला जे लागतं ते कुठल्याच यादीत मावणारं नाहीये. म्हणून हा लेख, आणि तो जरा लांब होणार आहे.

सुरुवात इटलीतली. उंब्रिया प्रांतात डोंगराच्या उतारावर असिसी नावाचं गाव आहे, तिथे ११८१ किंवा ११८२ साली कापडाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला मुलगा झाला. व्यापाऱ्याचं नाव पिएत्रो दि बेर्नार्दोने, बायको पिका. मुलगा झाला तेव्हा पिएत्रो धंद्यासाठी फ्रान्सला गेलेला होता, तर आईनं मुलाचा बाप्तिस्मा उरकून घेतला आणि नाव ठेवलं जोव्हान्नी, म्हणजे योहान. बाप परत आला आणि त्यानं पोराला फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली. फ्रान्सवर जीव होता, माल तिकडचा, पैसा तिकडून येत होता, म्हणून असेल. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात ना, तसं म्हटलं तर बापानं पोराला 'फ्रान्सकर' म्हटलं. खरं नाव योहान आणि हाक मारायचं नाव हे, आणि जगभर पोचलं ते हाक मारायचं नाव.

त्याच्या आधी हे नाव अगदीच नव्हतं असं नाही पण फार क्वचित सापडतं. आज जितके फ्रान्सिस, फ्रान्सिस्को, फ्रान्स्वा, फ्रान्झ, हंगेरीतले फेरेन्त्स, पोलंडमधले फ्रान्चिशेक दिसतात ते जवळजवळ सगळे असिसीच्या या एका पोरापासून निघालेले आहेत. अमेरिकेतलं सान फ्रान्सिस्को शहर त्याच्याच नावाचं, १७७६ साली त्याच्या संघातल्या, म्हणजे फ्रान्सिस्कन, साधूंनी तिथे मिशन उभारलं त्यावरून. फ्रँक सिनात्राचं पूर्ण नाव फ्रान्सिस आल्बर्ट. फ्रान्सचे राजेसुद्धा फ्रान्स्वा झाले, म्हणजे फ्रेंच राजाचं नाव फ्रेंच, आणि ते नाव त्यांच्याकडे लोकप्रिय झालं ते इटलीतल्या एका भिकाऱ्यामुळे.

भिकारी हा शब्द मी विचार करून वापरतेय. तरुणपणी हा फ्रान्चेस्को उधळ्या होता, मित्रांना मेजवान्या, अंगावर भारी कपडे, आणि मनात सरदार व्हायचं वेड. १२०२ मध्ये असिसी आणि पेरुजिया या शेजारच्या दोन गावांत लढाई झाली, त्यात हा पकडला गेला, सुमारे वर्षभर कैदेत राहिला, सुटून आला तो आजारी आणि बदललेला. कुष्ठरोग्यांची त्याला भयंकर किळस होती, तो त्यांच्यातच जाऊन राहायला लागला. पडक्या देवळाच्या डागडुजीसाठी बापाच्या दुकानातलं कापड विकून आला. बापानं आधी कोंडून घातलं, मारलं, आणि शेवटी प्रकरण बिशपसमोर नेलं, की याच्याकडून माझे पैसे वसूल करून द्या. तेव्हा या पोरानं चारचौघांत अंगावरचे सगळे कपडे उतरवले, घडी करून पैशांसकट बापासमोर ठेवले आणि सांगितलं की आजपासून माझा बाप एकच, स्वर्गातला.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं सांगू? बापानं दिलेलं सगळं त्यानं परत केलं. घर, पैसा, धंदा, अंगावरचा शेवटचा कपडासुद्धा. पण बापानं ठेवलेलं नाव त्यानं परत नाही केलं. बाप्तिस्म्याचं नाव योहान होतंच की, आईनं ठेवलेलं, शुभवर्तमानातलं, संन्यास घेणाऱ्याला शोभणारं. तरी तो मरेपर्यंत फ्रान्चेस्कोच राहिला. जुनी चरित्रं सांगतात की आनंदात असला की तो फ्रेंचमध्ये गायचा. घर सोडल्यावर लगेचच तो रानातून असाच फ्रेंच गाणी म्हणत चाललेला असताना चोरांनी गाठलं, तू कोण विचारलं, तर म्हणाला मी महान राजाचा भालदार आहे, आणि चोरांनी त्याला बडवून बर्फानं भरलेल्या खड्ड्यात फेकून दिलं. ते गेल्यावर हा खड्ड्यातून वर आला आणि परत गायला लागला. बापाच्या धंद्याबरोबर घरात आलेली भाषा, बापाचं घर सुटल्यावर रस्त्यावर गायला वापरली. बाप-लेकाचं इतकं तुटल्यावरही काहीतरी धागा राहिला असावा असं मला वाटतं, आणि तो धागा म्हणजे हे नाव.

पुढचं सगळं फार वेगात घडलं. १२०९ च्या सुमारास पोप तिसरा इनोसंट याच्याकडून तोंडी परवानगी मिळाली, सोबती जमत गेले. आपल्या संघाला त्यानं जे नाव दिलं त्याचा अर्थ धाकटे भाऊ असा होतो. १२१२ मध्ये क्लारा नावाची असिसीचीच मुलगी घर सोडून आली आणि बायकांचा संघ सुरू झाला. शेवटच्या वर्षांत डोळे जवळजवळ गेलेले असताना त्यानं सूर्याचं स्तोत्र रचलं, त्यात सूर्याला भाऊ म्हटलंय, चंद्राला बहीण, पाण्याला बहीण, विस्तवाला भाऊ, धरतीला बहीण आणि आई, आणि शेवटी मरणालाही बहीण. हे त्यानं लॅटिनमध्ये लिहिलं नाही, गावच्या बोलीत लिहिलं, इटालियन भाषेतल्या सगळ्यात जुन्या कवितांमध्ये ते धरतात. आपल्या संतांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिलं ते याच शतकात, त्यामुळे मला हा माणूस कधीच परका वाटला नाही. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी तो गेला आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १६ जुलै १२२८ ला, संत म्हणून जाहीरही झाला. त्यानंतर इटलीत आणि मग युरोपभर पोरांची नावं फ्रान्सिस ठेवायची जी लाट आली ती आजतागायत पूर्ण ओसरलेली नाही.

आता शब्दाकडे येते, कारण इथे एक गोष्ट आहे जी मराठी माणसाला माहीत असायलाच हवी असं मला वाटतं.

तिसऱ्या शतकात ऱ्हाइन नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या काही जर्मानिक टोळ्यांना रोमन लोक फ्रँक म्हणायला लागले, लॅटिनमध्ये फ्रांकुस. रोमन सत्ता ढासळल्यावर या फ्रँकांनी गॉल ताब्यात घेतलं आणि त्या मुलखाचं नाव पडलं फ्रान्सिया, पुढे फ्रान्स. त्यांच्या राज्यात पूर्ण मोकळीक असलेला माणूस म्हणजे फ्रँक, म्हणून त्याच शब्दाला 'स्वतंत्र' असाही अर्थ चिकटला आणि इंग्रजीत मोकळेपणानं बोलणाऱ्याला फ्रँक म्हणतात तो तिथूनच. नावांच्या याद्यांमध्ये दोन अर्थ दिसतात ते असे एकाच टोळीतून आलेत. फ्रान्सिस्कुस म्हणजे फ्रँकांचा, फ्रँकांकडचा.

पण हे झालं युरोपचं. अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्याच लोकांना फ्रँक म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या जिभेवर ते इफ्रंज, फिरंज असं झालं. फारसीत फरंग. आणि फारसीतून ते आपल्याकडे आलं, फिरंगी! म्हणजे आपला फिरंगी आणि आपला फ्रान्सिस हे दोन्ही शब्द एकाच बापाचे लेक आहेत, एक अरबस्तान-इराणच्या वाटेनं आला आणि दुसरा रोम-लिस्बनच्या वाटेनं बोटीत बसून. पोर्तुगीज आले तेव्हा मराठीनं त्यांना फिरंगी म्हटलं, त्यांच्या ताब्यातल्या मुलखाला फिरंगाण म्हटलं, त्यांच्याकडून येणाऱ्या लांब सरळ पात्याच्या तलवारीला फिरंग म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गुप्तरोगाला सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकाच्या ग्रंथात फिरंग रोग असं नाव आहे. १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला जिद्दीनं लढवणारा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलाय, त्याच्याही नावात फिरंग आहेच. म्हणजे ज्या शब्दानं आपण परक्याला परका म्हणतो तोच शब्द आपल्या एका शूर किल्लेदाराच्या नावातही ऐकू येतो. नावांना कुंपण घालणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे बघावं असं मनापासून वाटतं.

आणि असिसीच्या फ्रान्सिसला स्वतःलासुद्धा फिरंगी म्हणवून घ्यायची वेळ आली होती. १२१९ मध्ये पाचवं क्रुसेड, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्ध, चालू होतं, ख्रिस्ती फौजांनी इजिप्तमधल्या दमिएत्ता बंदराला वेढा घातलेला, आणि हा माणूस एका सोबत्याला घेऊन, हातात काही नाही, सीमा ओलांडून सुलतानाच्या छावणीत गेला. सुलतान म्हणजे अल-कामिल, सलाहुद्दीनचा पुतण्या. युरोपातून आलेला प्रत्येक जण तिथे फिरंजच, त्यामुळे त्या तंबूत उभा असलेला हा फाटका माणूस नावानंही फ्रँक आणि लोकांच्या हाकेतही फ्रँक असा दुहेरी फिरंगी होता. गेला होता धर्म सांगायला, सुलतानानं ऐकून घेतलं, धर्म काही बदलला नाही, आणि पाहुण्याला सुखरूप परत पाठवलं. एवढंच. वेढा चालूच राहिला, शहर पडलं, माणसं मेली. पण परत आल्यावर फ्रान्सिसनं आपल्या संघासाठी जे नियम लिहिले त्यात मुसलमानांमध्ये जाणाऱ्या भावांना सांगितलंय की वाद घालू नका, भांडू नका, देवासाठी प्रत्येक माणसापुढे नमून राहा. आणि राज्यकर्त्यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यानं सुचवलंय की रोज संध्याकाळी पुकारा करून लोकांना देवाचे आभार मानायला बोलवावं. अभ्यासक म्हणतात की ही कल्पना त्याला अजान ऐकून सुचली असणार. शत्रूच्या छावणीतून माणूस हे घेऊन आला, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

दुसरा फ्रान्सिस तो आपल्याकडे आला.

७ एप्रिल १५०६ ला स्पेनच्या उत्तरेला नवार प्रांतात, शाविएरच्या गढीत त्याचा जन्म. शाविएर हे गावाचं नाव, मूळ बास्क भाषेतलं, अर्थ नवं घर. स्पॅनिशमध्ये त्याचं हाविएर झालं, गोव्यात शाव्हियेर, मुंबईत झेवियर, आणि पुढे संताच्या प्रेमापोटी हे गावाचं नावच पोरांचं नाव झालं. म्हणजे एका माणसाच्या नावातले दोन्ही शब्द, फ्रान्सिस आणि झेवियर, जगभर पहिलं नाव म्हणून चालतात, एकाचा अर्थ फ्रान्सकडचा आणि दुसऱ्याचा नव्या घरचा. मुंबईत १८६९ पासून कॉलेज आहे, त्याला लोक नुसतं झेवियर्स म्हणतात, फ्रान्सिस म्हणायची गरजच पडत नाही.

पॅरिसला शिकत असताना इग्नेशियस लोयोला हा त्याच्या खोलीतला सोबती झाला, १५३४ च्या १५ ऑगस्टला मॉन्मार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी शपथ घेतली आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला. स्वतःच्या पस्तिसाव्या वाढदिवशी तो लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ ला गोव्याला उतरला. इस्पितळात राहून आजाऱ्यांची सेवा, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं, हातात घंटा घेऊन रस्त्यानं पोरांना धर्मशिक्षणाला गोळा करणं, हे त्याचं गोव्यातलं सुरुवातीचं काम. वसईलाही तो येऊन गेला. मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान असं फिरत शेवटी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला, मुख्य भूमीवर पाऊल न टाकताच, तो वारला. देह आधी मलाक्काला आणि मग १५५४ मध्ये गोव्याला आणला. तेव्हापासून तो गोंयचो सायब.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. १५४६ मध्ये याच माणसानं पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे लोकांच्या श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, पाठवा अशी मागणी केली होती. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आलं आणि कायमचं बंद झालं १८१२ मध्ये, मधली अडीचशे वर्षं नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरातल्या चुलीपासून लग्नाच्या गाण्यांपर्यंत सगळ्यावर पहारा होता. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसलं त्यांचा राग खरा आहे आणि तो कुणी पुसू नये. त्याच झेवियरनं राजाला असंही लिहिलंय की इथले तुमचे अधिकारी लुटारू आहेत, आणि तोच माणूस महारोग्यांची सेवाही करत होता. मला विचाराल तर माझं मन असिसीच्या फ्रान्सिसकडे ओढ घेतं, वाद घालू नका म्हणणाऱ्याकडे. पण माझ्या वसईच्या कित्येक ओळखीच्या लोकांसाठी आणि गोव्यातल्या तर हजारो हिंदू लोकांसाठीसुद्धा सायब हा संकटात धावून येणारा आहे, ते त्याच्या देहाच्या प्रदर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहतात, आणि त्यांच्या श्रद्धेला इतिहासाच्या एका पत्रानं रद्द करायचा अधिकार मला नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी धरून आहे आणि ते जड जातं.

जुन्या गोव्यात गेलात तर हे दोन्ही फ्रान्सिस एका रस्त्याच्या दोन बाजूंना भेटतात. एका बाजूला बॉम जेझुस चर्च, १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेलं, आत झेवियरचा देह, चांदीच्या पेटीत, खाली तस्कनीच्या ड्यूकनं पाठवलेला संगमरवरी चौथरा जो १६९८ मध्ये बसवला. दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी खाली आणतात, शेवटचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. रस्ता ओलांडून से कॅथेड्रलच्या मागे गेलं की असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च. फ्रान्सिस्कन साधू १५१७ पासून गोव्यात होते, आजची इमारत १६६१ ची, दरवाजा त्याहून जुना. १८३४ नंतर पोर्तुगालनं धर्मसंघच बंद केले, साधू गेले, मठात आता पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. चर्चच्या आत गेलात तर खाली नक्की बघा, फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळा आहेत, त्यावर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, आणि आपण त्यावरून चालत असतो. बहुतेक टुरिस्ट बॉम जेझुसची रांग संपवून थेट गाडीत बसतात. माझी कळकळीची विनंती आहे, दहा मिनिटं काढा आणि रस्ता ओलांडा.

आमच्या वसईत मात्र आधी पोचले ते फ्रान्सिस्कनच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यानंतर आंतोनिओ दु पोर्तु नावाचा फ्रान्सिस्कन साधू या पट्ट्यात फिरत होता. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत, शिवाची, नटराजाचं फार सुंदर शिल्प आहे त्यात, ती या लोकांनी ताब्यात घेऊन चर्च केली, वर मठ आणि कॉलेज बांधलं, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि लेण्यातल्या एका भिंतीवर शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. असिसीचा माणूस पडकी देवळं स्वतःच्या हातानं दुरुस्त करत होता आणि त्याचं नाव लावणाऱ्यांनी दुसऱ्याचं देऊळ बळकावलं. हे बघताना मला त्या साधूंचा फार राग येतो आणि तो राग असिसीच्या वतीनं येतो.

पण याच फ्रान्सिस्कनांमधूनच गोन्सालो गार्सियाही झाला. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला व्यापारी म्हणून गेला, नंतर फ्रान्सिस्कन भाऊ झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतात जन्मलेला पहिला संत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, फिरंगाण संपलं, पोर्तुगीज बोटीत बसून गेले. पण गावातले फ्रान्सिस गेले नाहीत, कारण ते इथलेच होते, जमीन त्यांची, बोली त्यांची, फक्त बाप्तिस्म्याला मिळालेलं नाव रोमहून आलेलं. मराठ्यांच्या राज्यात, मग इंग्रजांच्या राज्यात, मग महाराष्ट्र राज्यात, तीच माणसं तीच केळी लावत राहिली.

नाव ठेवण्याची आमच्याकडची रीत पाहिली तर आपल्या-परक्यातला फरक आणखीच पुसट होतो. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव. नाहीतर ज्या संताच्या सणाच्या आसपास जन्म झाला त्याचं. नाहीतर नवसाचं. ही तिसरी रीत तर शुद्ध इथली आहे, खंडोबाला नवस बोलून झालेल्या पोराला खंडू म्हणतात, आणि परंपरा सांगते की मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. चित्रकार एफ. एन. सूझा यांची गोष्ट अगदी याच चालीची आहे. १९२४ मध्ये गोव्यातल्या साळगावात जन्म, नाव न्यूटन. लहानपणी देवी आल्या, पोर जातंय की राहतंय अशी अवस्था, आईनं सायबाला साकडं घातलं आणि पोर वाचलं तेव्हा कृतज्ञता म्हणून नावाच्या आधी फ्रान्सिस जोडलं. तोच फ्रान्सिस पुढे मुंबईत सेंट झेवियर्स शाळेतून काढला गेला, चले जावच्या काळात जे. जे. स्कूलमधूनही काढला गेला, आणि १९४७ मध्ये त्यानं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करून भारतीय चित्रकलेची दिशाच फिरवली. त्याच्या चित्रांतले संत आणि ख्रिस्त बघा, गोड गुळगुळीत एकही नाही, सगळे टोचणारे. आईच्या नवसाचं नाव त्यानं आयुष्यभर चित्रांपलीकडे 'एफ' या एका अक्षरात वागवलं.

मार्च २०१३ ची रात्र मला चांगली आठवते, वसईत घराघरात टीव्ही चालू होते. अर्जेंटिनाचे होर्हे मारिओ बेर्गोल्यो पोप म्हणून निवडून आले आणि त्यांनी नाव घेतलं फ्रान्सिस. इतक्या शतकांत एकाही पोपनं हे नाव घेतलं नव्हतं. ते जेझुइट, म्हणजे झेवियरच्या संघातले, त्यामुळे पहिला अंदाज अनेकांचा तोच होता. तीन दिवसांनी त्यांनी पत्रकारांना सांगितलं की मतमोजणीत पारडं झुकल्यावर शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनल हुमेस यांनी मिठी मारून म्हटलं, गरिबांना विसरू नका, आणि तेव्हाच असिसीचा फ्रान्सिस मनात आला. २०१५ मध्ये पृथ्वीच्या नासाडीवर त्यांनी जे मोठं पत्रक काढलं त्याची सुरुवात सूर्याच्या स्तोत्रातल्या शब्दांनी होते. २१ एप्रिल २०२५ ला ते गेले.

पण पोपच्याही आधी, आमच्यासाठी फ्रान्सिस म्हटलं की एकच, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक, मराठीवर असं प्रभुत्व की तुकोबा आणि बायबल एकाच वाक्यात सहज यायचे. वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांच्या आणि गुंडांच्या घशात जात होता तेव्हा हरित वसई संरक्षण समितीतून हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला, लोक मागे उभे राहिले, कॅथॉलिक होते तसे हिंदूही होते. असिसीच्या फ्रान्सिसला १९७९ मध्ये पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केलंय, आमच्याकडे त्या नावाचा माणूस विहिरी आणि वाड्या वाचवायला उभा होता, इतकं नाव आणि काम जुळून येताना मी दुसरं पाहिलेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि त्या निवडीला विरोधही झाला. ज्यानं आयुष्यभर मराठीत लिहिलं त्याच्या मराठीपणावर शंका, का, तर झगा आणि नाव. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. उस्मानाबादच्या लोकांनी मात्र मनापासून स्वागत केलं, हेही लिहून ठेवते. २५ जुलै २०२४ ला फादर गेले.

आता वसईत लहान मुलांची नावं बदलली आहेत. एरन, रायन, इथन, नाहीतर मग सरळ मराठी, आरव, नील. फ्रान्सिस म्हणजे काका लोकांचं नाव अशी समजूत झालीय आणि नव्या आईबापांना मी दोष देत नाही, प्रत्येक पिढीला आपला कान असतो. फक्त आपल्या राज्यात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन रकान्यांत लिहायची पद्धत चालत आलीय, आणि वसईचे कॅथॉलिकही शाळेच्या फॉर्मवर तसंच लिहितात. त्यामुळे एरन आणि रायनच्या पुढे मधल्या रकान्यात अजून बरेच फ्रान्सिस आहेत, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर, सातबाऱ्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर आणखी एक पिढी तरी ते तिथे राहणार आहेत.